आंबत असलेली बिअर गाडीतून न्यायची आहे: एअरलॉक ठेवावा की नळी लावावी?

नमस्कार. येत्या शनिवारी आम्ही घर बदलत आहोत आणि नव्या घरापर्यंत गाडीने पाच तासांचा प्रवास आहे. नेमकी याच वेळी माझी 20 लिटर पेल एल (फिकट रंगाची बिअर) फर्मेंटरमध्ये, म्हणजे आंबवण्याच्या बंद भांड्यात, आंबते आहे. सुरुवातीची घनता (पाण्याच्या तुलनेत; साखर आंबत जाते तशी ती उतरते) 1.050 होती, यीस्ट घालून आज तिसरा दिवस आहे आणि एअरलॉकमधून (वायू बाहेर सोडणारी, पण हवा आत न येऊ देणारी झाकणावरची पाण्याची छोटी झडप) दर दोन-तीन सेकंदांनी बुडबुडा निघतो आहे. शनिवारपर्यंत जोर ओसरेल, पण घनता 1.012 च्या आसपास येऊन स्थिरावलेली असेल, याची खात्री नाही. घाईने बाटल्या भरून न्याव्यात, असे घरच्यांनी सुचवले. ते मी करणार नाही, कारण उरलेली साखर बंद बाटलीत आंबली तर काच फुटून कुणालाही इजा होऊ शकते.

प्राणवायूची मला फारशी चिंता वाटत नाही. बिअर आणि झाकण यांच्यामधली पोकळी आता कार्बन डायऑक्साइडने भरलेली आहे, त्यामुळे झाकण न उघडता नेल्यास हिंदकळूनही बिअर सहसा बिघडू नये. शिवाय जागे असलेले यीस्ट थोडाफार प्राणवायू शोषूनही घेते. म्हणूनच आंबणे पूर्ण झाल्यावर हलवण्यापेक्षा ते चालू असताना हलवणे बरे, असे माझे मत झाले आहे. यात चूक असल्यास कृपया सांगावे.

खरी भीती फेसाची आहे. बिअरमध्ये विरघळलेला वायू धक्क्याने एकदम सुटतो. मागच्या खेपेला मी फर्मेंटर नुसता एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेऊन जरा जोरात खाली ठेवला, तर फेस थेट एअरलॉकमध्ये चढला, हॉप्सच्या (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांच्या) हिरव्या चोथ्याने भोक बुजले आणि बघता बघता झाकण घुमटासारखे फुगले. एअरलॉक काढून जाड नळी लावावी आणि तिचे दुसरे टोक पाण्याच्या बाटलीत सोडावे, तर खड्ड्यांतून जाताना ते पाणी सांडणार. आणि वाटेत फर्मेंटर थंड झाला, तर तेच पाणी उलटे बिअरमध्ये ओढले जाण्याची शक्यता आहे. त्याऐवजी भोकावर सॅनिटायझरमध्ये बुडवलेला ॲल्युमिनियम फॉइल सैलसर बसवला, तर पाच तासांपुरते चालेल का? फेस वर आला तर तो त्यातून बाहेर पडेल आणि दाबही साठणार नाही, असा माझा कयास आहे.

बाकी तयारी झाली आहे. फर्मेंटर पुढच्या सीटमागे खाली, मोठ्या टबात ओल्या टॉवेलने गुंडाळून ठेवेन, म्हणजे तापमान 20 अंशांच्या फार वर जाणार नाही. वायू गाडीत कोंडू नये म्हणून काचा थोड्या उघड्या ठेवेन. ढवळलेला गाळ पोहोचल्यावर काही दिवसांत पुन्हा खाली बसेल, त्यामुळे बाटल्या भरायला उशीर झाला तरी हरकत नाही.

ज्यांनी अशी बिअर प्रत्यक्ष नेली आहे, त्यांनी फॉइल की नळी, एवढे शुक्रवार संध्याकाळपर्यंत कळवावे, म्हणजे नळीच हवी असेल तर ती आणि तिच्या मापाचे बूच मला वेळेत आणता येईल.