विक्रम-वेताळाचा भाग मांडवात कसा बसवायचा? (अनुभव धागा)

बाळीवेसकर: यंदा जिवंत देखावा ठरतोय आणि रामानंद सागरांची १९८५ची ‘विक्रम और बेताल’ डोळ्यांपुढं आली. अरुण गोविल राजा, पाठीवर पांढऱ्या केसांचा वेताळ, नट सज्जन. ज्यांनी बसवलाय त्यांनी लिहा. गोष्ट डोक्यांच्या अदलाबदलीची घ्या, कथासरित्सागरातली सहावी वेताळकथा: नवऱ्याचं आणि मेहुण्याचं डोकं एकमेकांच्या धडावर बसतं, मग खरा नवरा कोण? डोकं बदलायचं नसतंच, अंग बदलायचं. नवऱ्याला पिवळं धोतर, मेहुण्याला तांबडं. देवीच्या मूर्तीमागं दोघांनी धोतरं आणि दंडावरचे ताईत बदलायचे. फेटा, मिशा, गंध जिथल्या तिथं. घाईत फेटेपण बदलले की मुसळ केरात, बघणाऱ्याला काही कळत नाही. दोघं एका चणीचे हवेत.

सूतगिरणी: पाठीवर २५ किलोच्या वरचं पोरगं नको. खाटेची नवार घ्या, सुतळी नको, खांद्याला रुतते. पट्टा पोराच्या मांड्यांखालून राजाच्या कंबरेच्या हाडावर आला पाहिजे. भार खांद्यावर आला की राजा वाकतो, तोल जातो.

अक्का_साखरपेठ: आणि मध्ये जुनी चादर चौघडी करून घाला की. आपल्या सोलापुरी चादरीला तोड नाही.

रेणुका: मेहुणा कसा? मित्र होता ना

बाळीवेसकर: मित्र कार्नाडांच्या ‘हयवदन’ नाटकात. कथासरित्सागर लिहिणाऱ्या सोमदेवाकडं बायकोचा सख्खा भाऊ आहे, म्हणून तर कोडं टोचतं. उत्तर: नवऱ्याचं डोकं ज्या धडावर तो नवरा, सगळ्या अंगात डोकं मुख्य.

लाइटवाला: वेताळ उडतो तिथं सगळे फसतात. पोराला उलटं टांगू नका, रक्त डोक्यात उतरतं. बाहुला करा, आत मागाचं वेस्ट सूत, वर पोरासारखाच पांढऱ्या केसांचा टोप. फांदीला कप्पी, काळा नायलॉन दोर. राजा उत्तर देऊन संपला की पूर्ण अंधार, मनात पाच आकडे मोजायचे. तेवढ्यात पोरगं राजाच्या मागून विंगेत, बाहुला वर. मग फक्त झाडावर निळा उजेड. मांडवाबाहेरची माळ चालू राहिली तर अंधार होतच नाही, ती पण त्याच स्विचवर घ्या. टोप तागाचा असला तर हॅलोजनपासून लांब ठेवा, भुर्रकन पेटतो.

रेणुका: धूर?

लाइटवाला: ड्राय आइस, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड वायू. एका वेळी अर्धा किलो, पाच लिटर कढत पाण्यात. पाणी गार झालं की धूर मरतो, म्हणून दर खेळाला नवीन पाणी. जाड हातमोजे घाला. घट्ट झाकणाच्या डब्यात कधीच ठेवू नका, डबा फुटतो. हा वायू जड, जमिनीलगत साचतो. पुढं मांडी घालून बसलेली बारकी पोरं आधी मागं घ्या, मांडवाची एक बाजू उघडी ठेवा.

पूर्वभागकर: झाड शिसवाचं दाखवा, वड नको, मुळात शिंशपा आहे. आणि राजा उज्जैनचा म्हणून सांगू नका. सोमदेवाचा त्रिविक्रमसेन गोदाकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे पैठणचा!

अक्का_साखरपेठ: चांदोबातलं चित्र आठवलं, खांद्यावर प्रेत, हातात तलवार. आमच्याकडं तेलुगूत चंदमामा यायचा, शेजारी मराठीत चांदोबा. चित्र तेच, शंकर यांचं. मूळच्या पंचवीस गोष्टी संपल्या तरी चांदोबावाले नव्या रचत राहिले.

रेणुका: अक्का कुणाकडं जुने अंक आहेत का

अक्का_साखरपेठ: बघते गं. भाकरी तव्यावर आहे.

सूतगिरणी: दोन खेळांत वीस मिनिटं सोडा. राजाच्या पाठीला तेवढी लागतात.