दिवे लागणारी खेळणी : दोन वर्षांच्या मुलीसाठी ठेवू की टाकू?

ओवीची_आई, इंदिरानगर
कालिकेच्या यात्रेतून आजोबांनी ओवीला लाइटचं फुलपाखरू आणलं. काल ते पडलं, झाकण निघालं आणि आतले तीन घड्याळाचे बटणाएवढे चपटे सेल फरशीवर. दोन लगेच मिळाले. तिसरा सोफ्याखाली सापडेपर्यंत जिवाचं पाणी झालं. ओवी सगळं तोंडात घालते. अशी अजून चार-पाच खेळणी घरात आहेत. काय करू? नवीन घेताना काय बघू?

पंचवटीकर
झाकणाला स्क्रू नसेल, नखाने उघडत असेल तर ते खेळणं घरात नको. आजोबांना वाईट वाटेल, तरी नको. सेल संपलाय म्हणूनही देऊ नका, भाजण्याइतका करंट त्यात उरतो. काढलेल्या सेलला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावा. रिमोट, वजनकाटा, गाडीची चावीही तपासा.

वॉर्डातली_सिस्टर
ताई, सगळ्यात वाईट २०३२ नंबरचा. २० मिमी रुंद, ३ व्होल्टचा, बाळाच्या अन्ननलिकेत नेमका अडकतो. तिथल्या ओलाव्यात करंट वाहून कॉस्टिक सोड्यासारखा क्षार तयार होतो. दोन तासांत खोल जखम. वरून दिसतं काय, तर लाळ, खोकला, जेवायला नकार. आमच्याकडे आलेल्या एका बाळाला घरी दोन दिवस खोकल्याचं औषध चालू होतं. एक्स-रेत गोल दिसलं, घरचे म्हणाले नाणं असेल. पण कडेला दुहेरी वर्तुळ होतं, म्हणजे सेलच.

नुसती शंका आली तरी लगेच १०८. उलटी करवू नका, केळं-भात भरवू नका. मूल वर्षाच्या पुढचं असेल, गिळता येत असेल आणि बारा तास झाले नसतील तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध, जास्तीत जास्त सहा वेळा. मध शोधत थांबू नका. वर्षाच्या आतल्या बाळाला मध मुळीच नाही. नाकात सेल गेला तरी घाई तेवढीच.

सिडकोचा_बाबा
१ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. त्याच्याबरोबरचा सीएम/एल, म्हणजे परवान्याचा नंबर 'बीआयएस केअर' अ‍ॅपवर टाकून बघा. परदेशी खेळणं असेल तर अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या यादीत मॉडेल शोधा, परत मागवलेला माल तिथे कळतो. तिथली रीस नावाची दीड वर्षाची मुलगी अशाच सेलने गेली, तेव्हा तिच्या आईने पाठपुरावा केला आणि २०२२ मध्ये तिथे तिच्या नावाने कायदा झाला. आपल्याकडे तक्रारीसाठी १९१५ नंबरला फोन करा. धोकादायक माल परत मागवायला लावायचा अधिकार २०१९च्या ग्राहक कायद्यात आहे, म्हणून तक्रार कराच.

ओवीची_आई
सिस्टर, मधाचं फ्रिजवर लिहून लावलं. पाचपैकी तीन खेळण्यांना स्क्रूच नाही. वजनकाट्याचं झाकण तर नुसतं सरकतं, आत २०३२ निघाला. आजोबांना सगळं वाचून दाखवलं. ते आत्ताच रविवार कारंजाला गेलेत, लाकडी गाडी आणायला.