कडक भाकरी आणि ज्वारीचे बिस्किट एकाच यादीत धरायचे का?

प्रश्न – जुळे सोलापूर येथील वाचक

माझ्या वडिलांची रक्तशर्करा मधुमेहाच्या उंबरठ्यावर असून डॉक्टरांनी पाकीटबंद पदार्थ बंद करण्यास सांगितले आहे. परंतु बचत गटाकडून आम्ही घेतो ती कडक भाकरी आणि शेंगा चटणीही पाकिटातच येते, आणि ‘ज्वारीयुक्त’ असे ठळक अक्षरांत छापलेली बिस्किटेही पाकिटातच. मग दोन्ही बंद करावीत का?

उत्तर १ – आहारशास्त्राची अध्यापिका

पाकीट हा निकष नाही. ब्राझीलमधील साओ पाउलो विद्यापीठाचे कार्लोस माँतेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेल्या ‘नोव्हा’ वर्गीकरणात अन्नाचे चार गट आहेत, आणि त्यांतील चौथा, म्हणजे अतिप्रक्रियायुक्त अन्नाचा गट ठरतो तो त्यात काय घातले आहे आणि ते कशासाठी घातले आहे यावरून. ज्वारीचे पीठ, पाणी आणि मीठ यांची पातळ भाकरी भाजून, वाळवून कडक केली की ओलावा निघून गेल्यामुळे ती टिकते. त्यासाठी कोणतेही रसायन लागत नाही. शेंगदाणे, तिखट, लसूण, जिरे आणि मीठ कुटून केलेल्या चटणीचेही तसेच.

बिस्किटाचे पाकीट मात्र उलटून पाहा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. तेथे मैदा, साखर आणि पामतेल आधी येऊन ज्वारी मागे राहिली असेल, आणि पुढे ग्लुकोज सिरप, इमल्सिफायर (तेल आणि पाणी एकजीव ठेवणारा घटक) व कृत्रिम स्वाद असतील, तर ते चौथ्या गटातलेच आहे. समोरच्या बाजूचे कणसाचे चित्र पाहून कृपया निर्णय घेऊ नका.

उत्तर २ – जनरल प्रॅक्टिशनर

दोष केवळ साखरेचा आणि तेलाचा आहे, असे रुग्ण मला अनेकदा सांगतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी केलेला आणि 2019 साली प्रसिद्ध झालेला प्रयोग येथे महत्त्वाचा आहे. 20 प्रौढांना संस्थेतच ठेवून दोन आठवडे अतिप्रक्रियायुक्त आणि दोन आठवडे साधे अन्न देण्यात आले; वाढलेल्या जेवणात उष्मांक, साखर, स्निग्धांश, तंतू आणि मीठ यांचे प्रमाण जुळवलेले होते व हवे तितके खाण्याची मुभा होती. तरीही अतिप्रक्रियायुक्त आहारात माणसे दिवसाला सुमारे 500 किलोकॅलरी जास्त खात होती आणि त्यांचे वजन जवळजवळ एक किलोने वाढले. साध्या आहारात ते तितकेच घटले. प्रयोग लहान आणि अल्पकाळाचा होता, हे मान्य. पण असे अन्न मऊ असल्याने भराभर खाल्ले जाते आणि पोट भरल्याची जाणीव होण्याआधीच जास्त पोटात जाते, हे त्याचे एक संभाव्य कारण आहे. कडक भाकरी अशी घाईने खाताच येत नाही.

वडिलांच्या कमरेचा घेरही मोजा. भारतीय पुरुषांत तो 90 सेंटिमीटरच्या पुढे असेल तर पोटावरची चरबी इन्सुलिनच्या कामात अडथळा आणत असण्याची शक्यता वाढते.

प्रश्नकर्ता

मनापासून आभार. मग फरसाणाच्या दुकानातील सुटी शेव चालेल का?

उत्तर १ – आहारशास्त्राची अध्यापिका

बेसन, तेल आणि मीठ एवढेच असेल तर ती बहुधा चौथ्या गटात बसणार नाही, तरीही तळलेली आणि खारट असल्याने रोज नको. भाकरीतही पिष्टमय पदार्थ असतातच, म्हणून तिचेही प्रमाण ठरवा, सोबत डाळ आणि पालेभाजी ठेवा, आणि चटणी चमचाभरच वाढा.