मदत हवी आहे: बाबांच्या विसरण्यावर निकोटिनचा पॅच?

नमस्कार. बाबा सत्तरीचे, लालबागला आमच्यासोबत राहतात. गेल्या पावसाळ्यापासून विसरायला लागलेत. भाजीवाल्याला दोनदा पैसे देतात, सकाळी वाचलेली बातमी दुपारी नव्याने सांगतात. मध्यंतरी करी रोडला उतरायचं सोडून पार मशीदपर्यंत गेले. न्यूरोलॉजिस्टनी कागदावर 'एमसीआय' लिहिलंय, म्हणजे डिमेन्शिया नाही, पण वयाच्या मानाने विसरणं जास्त.

बाबांची तंबाखू-चुन्याची सवय जुनी. अँजिओप्लास्टी झाली तेव्हा सुटली. अजूनही टीव्ही बघताना उजव्या अंगठ्याने डावा तळवा मळत बसतात, हातात काही नसताना. ते बघून धाकट्या भावाने डोक्यात घेतलंय की तंबाखू सुटली म्हणूनच मेंदू मंदावला. त्यात कुठलासा पॉडकास्ट ऐकला. आता रोज एकच धोशा, निकोटिनचा पॅच (तंबाखूतलं निकोटिन कातडीतून अंगात सोडणारी चिकटपट्टी) लावून बघू, बाबांची चिडचिडही जाईल.

त्याला गप्प करायचं म्हणून वाचायला घेतलं, तर तो अगदीच हवेत बोलत नाहीये. (हे त्याला सांगितलेलं नाही.) मेंदूत ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन असतं, लक्ष आणि स्मरण या दोन्हींत त्याचा मोठा वाटा असतो. ते पेशींवर ज्या जागी चिकटून काम करतं (रिसेप्टर), तिथेच निकोटिनही काम करतं. २०१२ साली पॉल न्यूहाउस हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास आला. एमसीआय असलेले, सिगारेट न ओढणारे ७४ जण होते. ६ महिने काहींना रोज १५ मिलिग्रॅमचा पॅच, बाकीच्यांना नकली. लक्ष लागण्याच्या चाचणीत फरक दिसला, स्मरणाच्याही काही चाचण्यांत दिसला. पण डॉक्टरांनी एकंदर माणूस बघून दिलेल्या मतात ठळक सुधारणा नव्हती. भाऊ नेमका त्याच्या अलीकडे वाचायचं थांबतो. पार्किन्सन्समध्ये (कंपवातात) पॅचने आजार मंदावतो का, याचा २०२३ मध्ये आलेला निकाल तर नकारार्थीच आहे.

चिडचिडीचं मला पटत नाही. सोडल्यानंतरची तगमग काही आठवड्यांची असते, बाबांना सोडून वर्षं झाली.

कुणाच्या घरी एमसीआयसाठी डॉक्टरांनी स्वतःहून पॅच सुचवलाय का? हृदयाचा पेशंट असताना? आणि हे आधी कुणाला विचारू, न्यूरोलॉजिस्टना की कार्डिओलॉजिस्टना?

प्रतिसाद

ताई, मी केमिस्ट आहे, डॉक्टर नाही. पॅच आम्ही विकतो ते तंबाखू-सिगारेट सोडणाऱ्यांसाठी. स्मरणशक्तीसाठी ते मान्य औषध नाही. निकोटिनने नाडी आणि बीपी वाढतं, त्यामुळे कार्डिओलॉजिस्टना विचारल्याशिवाय भावाला लावू देऊ नका. शिवाय एवढ्या वर्षांनी तलफ परत जागी झाली तर?

त्याआधी एक काम करा. बाबांच्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून न्यूरोलॉजिस्टकडे न्या, दुकानातून परस्पर आणलेल्यासुद्धा. सर्दीच्या गोळ्यांतलं क्लोरफेनिरामाइन, वारंवार लघवीवरचं ऑक्सिब्युटिनिन ही औषधं त्याच ॲसिटिलकोलिनचं काम अडवतात. वयस्कर माणसांना त्याने विसरायला होतं. बी१२ आणि थायरॉइड तपासलं का?

धागाकर्ती

बी१२ तपासलेलं नाही. सर्दीची गोळी मात्र घेतात, रात्री, झोप चांगली लागते म्हणून. उद्या फोन करून अपॉइंटमेंट घेते.