स्विफ्ट व्हीएक्सआयला बलेनोची १६ इंची चाके बसवावीत का?

घाटवाट (प्रश्न)

माझ्याकडे २०१९ची स्विफ्ट व्हीएक्सआय आहे. तिला कंपनीकडून १४ इंची पोलादी रिम आणि १६५/८० आर१४ मापाचे टायर आले होते. ते टायर आता झिजत आले आहेत आणि नेमक्या याच वेळी माझे मावसभाऊ त्यांच्या बलेनोची मूळ अलॉय चाके, १९५/५५ आर१६ टायरांसह, माफक किमतीत द्यायला तयार झाले आहेत. आम्ही साखरप्याजवळ राहतो. आंबा घाटातून कोल्हापूरला वरचेवर जाणे होते, पावसाळ्यात रस्त्याला खड्डे पडतात, आणि घराकडची शेवटची वाट कच्ची आहे. गाडीत बहुधा चार-पाच माणसे आणि सामान असते, त्यामुळे उंचवट्यांवर गाडीचा तळ घासतो. रिम मोठी झाली की गाडी उंच होईल, असे मला सांगण्यात आले आहे. हे खरे आहे का? ही चाके स्विफ्टला बसतील का, आणि बसत असली तरी बसवावीत का?

पाना-पक्कड (उत्तर)

आपण पैसे देण्यापूर्वी विचारलेत हे फार बरे झाले, कारण गाडी उंच होण्याची जी अपेक्षा आहे ती या चाकांनी पूर्ण होणार नाही.

गाडीची उंची रिमवर नव्हे, तर टायरसकट संपूर्ण चाकाच्या व्यासावर ठरते. १६५/८० आर१४ या मापात टायरची रुंदी १६५ मिमी आणि बाजूच्या भिंतीची, म्हणजे साइडवॉलची, उंची त्या रुंदीच्या ८० टक्के, अर्थात १३२ मिमी असते. वर आणि खाली मिळून २६४ मिमी, त्यात १४ इंची रिमचे ३५५.६ मिमी मिळवले की व्यास ६१९.६ मिमी येतो. १९५/५५ आर१६चा हिशेब असाच केला तर साइडवॉल १०७.२५ मिमी आणि व्यास ६२०.९ मिमी. फरक १.३ मिमीचा, आणि गाडी उचलली जाते ती त्याच्या निम्म्याने, म्हणजे एक मिलिमीटरही नाही. नव्या आणि झिजलेल्या टायरमधला फरक याहून मोठा असतो.

आपण मात्र प्रत्येक चाकामागे जवळजवळ २५ मिमी रबर गमावणार आहात. खड्ड्याच्या कडेचा पहिला आघात हीच भिंत दाबली जाऊन झेलते. ती तोकडी झाली की टायर रिम आणि दगड यांच्यामध्ये चिमटला जाऊन त्याच्या आतले दोरे तुटतात, बाजूला फुगवटा येतो, आणि असा टायर दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. पोलादी रिम वाकली तर बऱ्याचदा ठोकून सरळ करता येते, पण तडा गेलेल्या अलॉयवर तसा भरवसा ठेवता येत नाही. गुळगुळीत महामार्गावर ही चाके वळणांवर गाडी अधिक घट्ट धरतील, हे मी नाकारत नाही. मात्र पावसाळ्यातला घाट, कच्ची वाट आणि भरलेली गाडी हा आपला वापर पाहता मी ती बसवणार नाही.

हबमाप (उत्तर)

वरील हिशेब बरोबर आहे. बसण्याच्या प्रश्नाचे उत्तर मी देतो, कारण दुसऱ्या गाडीची चाके घेताना बहुतेक जण फक्त नटांची भोके मोजतात आणि तेवढ्यावर निश्चिंत होतात.

स्विफ्ट आणि बलेनो या दोन्हींना चार नट असून त्यांच्या वर्तुळाचा व्यास, ज्याला पीसीडी म्हणतात, १०० मिमी आहे, आणि मधल्या भोकाचे माप ५४.१ मिमी आहे. त्यामुळे चाक हबवर, म्हणजे ते ज्यावर बसते त्या मधल्या भागावर, नीट बसेल. ब्रेझाची चाके मात्र पाच नटांची, ११४.३ मिमी पीसीडीची आहेत, त्यांचा विचारही करू नये. होंडा सिटीच्या अनेक वर्षांच्या मॉडेलांचा पीसीडी १०० मिमीच असला तरी मधले भोक ५६.१ मिमी आहे. तसे चाक स्विफ्टवर चढते, पण हबवर टेकत नाही, आणि मापाची रिंग न घालता फक्त नटांच्या आधारावर चालवले तर ते मध्यात राहण्याची खात्री नसल्याने वेगात स्टिअरिंग थरथरू लागते. शिवाय सुझुकीच्या स्टडला, म्हणजे नट ज्यावर बसतो त्या खिळ्याला, १.२५ मिमी पिचचे (दोन आट्यांमधल्या अंतराचे) आटे असतात, तर होंडाला १.५ मिमीचे; जुन्या चाकांबरोबर आलेले नट जोर लावून बसवले तर स्टडचे आटे जातात.

राहिला ऑफसेट. रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणारी बाजू किती मिलिमीटर दूर आहे, ते हा आकडा सांगतो, आणि तो रिमच्या आतल्या बाजूला, बहुधा दांड्याच्या मागे, कोरलेला असतो. ऑफसेट १० मिमीने कमी असेल तर चाक तितकेच बाहेर येते, वळताना कमानीच्या कडेला लागू शकते आणि चाकाच्या बेअरिंगवर वेगळा भार येतो. जास्त असेल तर ते आत सरकून सस्पेन्शनच्या नळीजवळ जाते. भावाच्या चाकांवरचा आकडा वाचून तो स्विफ्टच्याच वरच्या मॉडेलच्या अलॉयशी ताडून पाहावा. फरक भरून काढण्यासाठी स्पेसर, म्हणजे हब आणि चाक यांच्यामधली चकती, घालण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये.

घाटवाट

दोघांचे मनापासून आभार. १६ इंची चाकांचा विचार मी सोडून दिला आहे. आमच्या भागातील एका टायरच्या दुकानात स्विफ्ट झेडएक्सआयची मूळ १५ इंची अलॉय चाके, टायरांविना, विक्रीला आहेत. ती घेतली तर १८५/६५ऐवजी १९५/६५ आर१५ टायर टाकून थोडी उंची मिळवता येईल का? आणि स्टेपनी १४ इंचीच राहिली तर चालेल का?

पाना-पक्कड

ही निवड मला पटते. १८५/६५ आर१५चा व्यास ६२१.५ मिमी असल्याने वेगाचा काटा जवळजवळ जागचा हलत नाही, आणि साइडवॉल १२० मिमी उरते, म्हणजे १६ इंचीपेक्षा १३ मिमी अधिक.

१९५/६५ आर१५चा व्यास ६३४.५ मिमी होतो. जुन्या १४ इंची चाकांच्या तुलनेत गाडी साधारण साडेसात मिमी उचलली जाईल, पण तेवढ्यासाठी व्यास २.४ टक्क्यांनी वाढतो. जुन्या चाकांवर प्रत्यक्ष वेग १०० असताना काटा जे दाखवत होता तेच आता १०२.४ वर दाखवेल. प्रत्येक गिअर तितकाच लांब होईल आणि भरलेली गाडी घाटात चढवताना हे दुसऱ्या गिअरमध्ये जाणवेल. टायर रुंद आणि उंच झाल्याने पूर्ण वळवलेले स्टिअरिंग आणि दबलेले सस्पेन्शन एकत्र आले की तो आतल्या प्लॅस्टिकला घासण्याची शक्यताही राहते. तळ घासत असेल तर आधी मागच्या स्प्रिंगा आणि शॉकॲब्सॉर्बर तपासून घ्या. थकलेल्या स्प्रिंगेने पाच माणसांच्या ओझ्याखाली गाडी यापेक्षा कितीतरी जास्त खाली बसते, आणि तो दोष टायर बदलून जात नाही.

१४ इंची स्टेपनीचा व्यास फक्त १.९ मिमीने कमी असल्याने पंक्चरच्या वेळी ती लावून मुक्कामापर्यंत बेताच्या वेगात जाता येते. कायमची मात्र ठेवू नये, कारण एका आसावर दोन वेगळ्या रुंदीचे टायर असले की ओल्या रस्त्यावर ब्रेक लावताना दोन्ही बाजूंची पकड सारखी राहत नाही.

कागदपत्र (उत्तर)

कायद्याची बाजू कोणी मांडलेली नाही, म्हणून लिहितो. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९च्या निकालात उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेला या कलमाचा आधार दिला आहे. त्याच पिढीच्या स्विफ्टला कंपनीनेच दिलेले १८५/६५ आर१५ हे माप म्हणूनच सर्वांत निर्धोक आहे. अपघातानंतर विमा कंपनीच्या सर्वेक्षकासमोर आपल्याला ते दाखवून देता येते. अलॉय चाके नंतर बसवली असल्याने त्यांची पावती जपावी, आणि विमा कंपनीला लेखी कळवून ती पॉलिसीत नोंदवून घ्यावीत, नाही तर त्यांची भरपाई मागता येणार नाही.

हबमाप

टायर घेताना दोन आकडे स्वतः वाचावेत. मापापुढचा लोड इंडेक्स जुन्या टायरपेक्षा कमी नसावा: ८५ म्हणजे एका टायरवर ५१५ किलो आणि ८८ म्हणजे ५६० किलो. दुसरा आकडा टायर कधी बनला ते सांगतो; तो चार अंकी असतो, त्यात पहिले दोन अंक आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे असतात. दुकानात दोन वर्षे पडून राहिलेला टायर नव्याच्या किमतीत घेऊ नये.

जुन्या अलॉय रिम टायर चढवण्यापूर्वी बॅलन्सिंगच्या यंत्रावर रिकाम्याच फिरवून घ्या. वाकलेली कड तिथे लगेच दिसते, आणि तशी एकही निघाली तर तो संच तिथेच परत करावा.

घाटवाट

चारही रिम यंत्रावर फिरवून दाखवण्यास दुकानदार तयार आहेत. मागच्या स्प्रिंगांची तपासणी त्याआधी करून घेतो आणि जे आढळेल ते इथे लिहितो.