पुलमनचा गहू आणि टीव्हीचं मार्केट: कॉन्फरन्स गेली की युनिव्हर्सिटीची पत जाते का?

निफाडकर

परवा भाच्याचा फोन आला. ऑरेगन स्टेटला रोबोटिक्सचं अॅडमिट आहे, आरएशिपसकट (म्हणजे संशोधनाच्या कामाबद्दल फी-पगाराची सोय), आणि पोरगा म्हणतो मामा मी त्यांना ‘नाही’ कळवतोय, त्यांची कॉन्फरन्स तुटली, आता त्यांना मोठ्या युनिव्हर्सिट्यांत धरत नाहीत, त्यापेक्षा बिग टेनमधलं बिनाफंडिंगचं घेतो, लोन काढू. मला रात्रभर झोप नाही. म्हणून इथे लिहितोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेत कॉलेज फुटबॉलचे गट असतात, त्यांना कॉन्फरन्स म्हणतात, आणि टीव्हीचे हक्क विकून आलेला पैसा गटातल्या गटात वाटतात. पश्चिम किनाऱ्यावरची पॅक-१२ ही १९१५ पासूनची जुनी कॉन्फरन्स. ३० जून २०२२ ला लॉस एंजेलिसच्या यूएससी आणि यूसीएलए यांनी जाहीर केलं की आम्ही मिडवेस्टकडच्या बिग टेन या दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये चाललो, पुढच्या वर्षी जुलैत कोलोरॅडो गेली, मग ४ ऑगस्ट २०२३ ला एका दिवसात पाच जणी गेल्या, सप्टेंबरात स्टॅनफर्ड आणि बर्कलीही गेल्या, आणि मागे राहिल्या दोन, वॉशिंग्टन स्टेट आणि ऑरेगन स्टेट. पहिलीचं पुलमन आणि दुसरीचं कोर्व्हालिस ही दोन्ही गावं लहान, तिथे टीव्ही बघणारी घरं कमी, एवढाच त्यांचा गुन्हा.

आता माझं ऐका. मी पुलमनला पीक-शास्त्रात पीएचडी केलीय. निफाडच्या गहू संशोधन केंद्राशेजारी माझं लहानपण गेलं, बुटक्या गव्हाची गोष्ट आजोबांकडून ऐकलेली, पण त्या बुटकेपणाचं मूळ कुठलं हे मला पुलमनला गेल्यावर कळलं. नोरिन-१० हा जपानी गहू ऑर्व्हिल व्होगेल नावाच्या माणसाने तिथे अमेरिकन वाणांशी संकरित केला, त्यातलं बियाणं १९५० च्या दशकात मेक्सिकोत हरितक्रांतीवाल्या बोरलॉग यांच्याकडे गेलं, आणि मेक्सिकोतून १९६६ मध्ये आपल्याकडे १८ हजार टन बियाणं आलं. म्हणजे आपल्या ताटातल्या पोळीचा धागा त्या गावापर्यंत जातो. आणि आज माझा भाचा म्हणतो ह्या युनिव्हर्सिट्या मोठ्यांत धरत नाहीत, कारण शनिवारच्या मॅचला प्रेक्षक कमी!

माझं म्हणणं एकच आहे. कॉन्फरन्स टीव्हीवाल्यांनी ठरवलीय, तिच्यावरून शिक्षणाची पत मोजू नका.

कोलंबसकर काका

निफाडकर, तुमची तळमळ पोचली पण तुम्ही अर्धंच सांगताय. मी ओहायोत तीस वर्षं आहे, दोन्ही मुली इथल्याच स्टेट युनिव्हर्सिटीत शिकल्या. बिग टेनला नुसती फुटबॉलची टोळी समजू नका. १८९६ ला सुरू झाली तेव्हा तिचं अधिकृत नावच प्राध्यापक प्रतिनिधींच्या नावाने होतं, खेळाडू विद्यार्थीच असले पाहिजेत यावर प्राध्यापकांची नजर हवी म्हणून. आणि आजही आत घेताना एएयू बघतात, म्हणजे मोठ्या संशोधन विद्यापीठांची जी १९०० पासूनची संघटना आहे ती. १९९० पासून ज्यांना ज्यांना आत बोलावलं ते सगळे बोलावलं तेव्हा तिचे मेंबर होते. नुसतं फुटबॉलच बघायचं असतं तर फुटबॉलमध्ये तगड्या पण एएयूत नसलेल्या ओक्लाहोमाला कधीच घेतलं असतं असं माझं मत आहे.

दुसरं, या विद्यापीठांची एक अॅकॅडेमिक अलायन्स आहे, १९५८ पासूनची. माझ्या धाकटीला एक जुनं जर्मन पुस्तक हवं होतं, दुसऱ्या स्टेटच्या लायब्ररीतून काही दिवसांत घरपोच आल्यासारखं आलं. एका युनिव्हर्सिटीत नसलेली भाषा दुसरीकडच्या प्राध्यापकाकडून शिकता येते. हे सगळं टीव्हीवाले नाही देत. तेव्हा भाचा अगदीच मूर्ख नाहीये.

निफाडकर

काका, भाचा मूर्ख नाहीच, घाबरलाय.

तुमचा एएयूचा मुद्दा मान्य, पण तो पुरता मांडा. स्टॅनफर्ड आणि बर्कली या दोघी एएयूच्या संस्थापकांतल्या, १९०० सालच्या. त्या २०२३ मध्ये दारात उभ्या होत्या, बिग टेनने घेतल्या का? नाही. शेवटी दोघी अटलांटिक किनाऱ्याच्या कॉन्फरन्समध्ये (एसीसी) गेल्या आणि तेही सुरुवातीची बरीच वर्षं टीव्हीच्या पैशाचा कमी वाटा पत्करून. म्हणजे एएयू ही चाळणी असेल, पण चाळणीतून उरलेल्यांत कोण घ्यायचं हे टीव्हीच ठरवतो.

आणि नेब्रास्का. ती २०११ च्या जुलैत बिग टेनमध्ये आली आणि त्याच्या आधी दोनच महिने, एप्रिलमध्ये, एएयूने तिला मतदान करून काढलं, १९०९ पासूनची मेंबर होती. बिग टेनने काय केलं? काही नाही, आजही आहे. पण मला त्याहून लागतं ते काढण्याचं कारण. एएयूच्या हिशोबात शेतकी संशोधनाला मिळणारा ठराविक सरकारी निधी धरत नाहीत आणि त्यांचं मेडिकल कॉलेज वेगळ्या कारभाराखाली असल्यामुळे तेही मोजलं गेलं नाही. आयोवा स्टेट तर २०२२ मध्ये स्वतःहूनच बाहेर पडली, त्यांचंही म्हणणं तेच की मोजमाप मेडिकल कॉलेजवाल्यांच्या बाजूने झुकलंय. गहू-मक्यावर काम करणारी युनिव्हर्सिटी कितीही चांगली असली तरी या तराजूत हलकीच भरणार. मग हा तराजू भाच्याच्या हातात का द्यायचा?

टस्कलूसावाला

मी विरुद्ध बाजूने बोलतो कारण मी रोज उलटं बघतो. अलाबामा युनिव्हर्सिटीत, टस्कलूसा गावात आहे, पोस्टडॉक. २००७ ला निक सेबन कोच म्हणून आला तेव्हा इथे साधारण २५ हजार विद्यार्थी होते, २०२३ च्या मोसमानंतर तो रिटायर झाला तेव्हा ३९ हजारांच्या वर, आणि निम्म्याहून जास्त दुसऱ्या स्टेटमधून आलेले, म्हणजे ज्यांना फीचा दर जास्त लागतो ते. त्या फीमधून नवीन बिल्डिंगा झाल्या, चांगल्या मार्कांच्या पोरांना स्कॉलरशिपा दिल्या, प्राध्यापक घेतले. स्टेट सरकार पैसे देत नाही हो, २००८ च्या मंदीनंतर बहुतेक स्टेटांनी हात आखडता घेतला, मग युनिव्हर्सिटीने पैसे कुठून आणायचे? न्यू जर्सीतल्या सतरा वर्षांच्या पोराला टस्कलूसा हे नाव कशामुळे माहीत असतं? जर्नलमुळे नाही. शनिवारी दुपारी टीव्हीवर दिसतं म्हणून.

बॉस्टन कॉलेजचं तर जुनं उदाहरण आहे, १९८४ ला डग फ्लूटीच्या त्या शेवटच्या क्षणाच्या पासनंतर अर्ज वाढले म्हणून त्या परिणामाला त्याचंच नाव पडलं. अर्ज वाढले की निवडायला मिळतं, निवडायला मिळालं की पत वाढते. तुम्हाला आवडो न आवडो, दार तिथूनच उघडतं. आणि ज्या युनिव्हर्सिट्या टीव्हीवरून गेल्या त्यांचे अर्ज घटले तर त्याचा फटका तुमच्या पीक-शास्त्रालाच आधी बसणार, हे पण बघा.

हिशोबनीस

टस्कलूसावाले, अलाबामा एकच आहे. प्रत्येक मॅचमध्ये एक जण हरतो, सगळ्यांनी एकाच वेळी अलाबामा व्हायचं ठरवलं तर बाकीच्यांचं काय?

मी अकाउंट्समधला माणूस, आकड्यांवर बोलतो. वेस्ट व्हर्जिनिया २०१२ पासून बिग १२ मध्ये आहे, मोठी कॉन्फरन्स, टीव्ही, सगळं. २०२३ मध्ये त्यांच्या बजेटला ४५ मिलियन डॉलरचं भगदाड, सप्टेंबरात बोर्डाने २८ मेजर (पदवीचे विषय) बंद केले, १४३ प्राध्यापकांच्या जागा गेल्या, परदेशी भाषा शिकवणारं डिपार्टमेंट जवळजवळ संपलं. विद्यार्थीसंख्या घटली हे मुख्य कारण होतं. टीव्हीवर दिसणाऱ्या टीमने ती घसरण थांबवली का? नाही ना.

मेरीलँड बघा, एसीसी सोडताना ३१ मिलियनवर पाणी सोडलं, आणि सोडायचं ठरवलं त्याच २०१२ सालात पैसे नाहीत म्हणून सात खेळांच्या टीम बंद केल्या. रटगर्स २०१४ पासून बिग टेनमध्ये आहे तरी खेळांच्या खात्याला अजून युनिव्हर्सिटीचा आणि विद्यार्थ्यांच्या फीचा टेकू लागतो. बिग टेनचा टीव्ही करार सात वर्षांचा, सात अब्ज डॉलरच्या वर. तरी कुणाचं पोट भरत नाही, कारण जेवढं येतं तेवढं कोच, स्टेडियम आणि शेजाऱ्याशी स्पर्धा यात जातं. आता तर कोर्टातल्या तडजोडीमुळे खेळाडूंना थेट पैसे द्यायचे आहेत, २०२५-२६ साठी एका युनिव्हर्सिटीला २०.५ मिलियनपर्यंत. खेळाडूंना मिळायलाच हवेत, त्यांच्या अंगावर सगळा धंदा उभा आहे, पण लायब्ररीकडे त्यातलं काही वळेल अशी आशा कुणी ठेवू नये.

निफाडकर, तुम्हालाही एक सांगतो, वॉशिंग्टन स्टेट पॅक-१२ मध्ये असतानासुद्धा त्यांचं खेळखातं वर्षानुवर्षं तोट्यात होतं. त्यांनीही तीच हाव धरली होती. फक्त बिचाऱ्या म्हणून सोडू नका.

निफाडकर

हिशोबनीस, हे खरं आहे आणि ऐकायला त्रास होतो पण खरं आहे. मी तिथे असताना डिपार्टमेंटमध्ये कॉपियरचे कागद मोजून मिळायचे आणि स्टेडियमचं काम जोरात चालू होतं. तेव्हा आम्हाला वाटायचं की हे आपल्याच भल्यासाठी आहे.

बे एरियातली आई

माझी मुलगी खेळते, फुटबॉल नाही, व्हॉलीबॉल. कुठे ते लिहीत नाही. फुटबॉलची टीम आठवड्यातून एकदा खेळते, तीही बहुतेक शनिवारी. व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल, टेनिसच्या पोरी आठवड्याच्या मधल्या दिवशी पण खेळतात आणि आता देशाच्या या टोकापासून त्या टोकाला जातात, तीन तासांचा टाइम झोनचा फरक. गेल्या सेमिस्टरला तिने मिडटर्म हॉटेलच्या खोलीत दिली, बाहेर कॉरिडॉरमध्ये दुसऱ्या टीमची मुलं, परतीचं विमान पहाटे, आणि त्याच दिवशी केमिस्ट्रीची लॅब. आधी विमानाने दोन तासांत जाऊन दुसऱ्या दिवशी वर्गात असायची. एकाही मॅचचा टीव्हीचा पैसा तिच्या खेळामुळे येत नाही, दगदग मात्र तिची.

तुम्ही सगळे पत, तराजू, अर्ज बोलताय. ज्या मुलांना विद्यार्थी-खेळाडू म्हणतात त्यांच्यातलं विद्यार्थी हे अर्धं कुणी सांभाळायचं? काका म्हणाले ना प्राध्यापकांनी कॉन्फरन्स काढली होती, मग २०२२ ला एकातरी प्राध्यापक सभेला विचारलं होतं का?

बर्कलीचं तर बघवत नाही. स्टेडियम भूकंपाच्या भेगेवर बांधलेलं, हेवर्ड फॉल्टवर, ते भक्कम करायला काढलेलं कर्ज अजून फिटायचंय, आणि यूसीएलए निघून गेल्यावर रीजंट्सना (दोघींच्या वरच्या नियामक मंडळाला) ठरवावं लागलं की यूसीएलएने बर्कलीला वर्षाला १० मिलियन द्यायचे. एकाच सरकारी विद्यापीठाची दोन लेकरं, एकाने दुसऱ्याला पोटगी द्यायची.

कोलंबसकर काका

ताई, तुमच्या मुलीचं वाचून वाईट वाटलं. त्याचं समर्थन मी करू शकत नाही आणि करणारही नाही. फुटबॉल वेगळं काढून बाकीच्या खेळांना जवळच्या जवळ खेळू द्यावं, हे मला पटतं.

पण अलायन्सचा मुद्दा मी सोडत नाही. शिकागो युनिव्हर्सिटी बघा, बिग टेनची संस्थापक, १९३९ मध्ये फुटबॉल सोडलं, १९४६ मध्ये कॉन्फरन्स सोडली, तरी पुढे अॅकॅडेमिक गटात २०१६ पर्यंत होती. म्हणजे ते नातं फुटबॉलपेक्षा खोल आहे.

निफाडकर

काका, हे तर तुम्ही माझ्या बाजूने बोललात! फुटबॉल सोडल्यावरही जवळजवळ साठ वर्षं शिकागो वाचनालयं वाटून घेत होती आणि तिची पत एक तसूभर कमी झाली नाही. मग पुस्तकांची देवाणघेवाण करायला टीव्हीचा करार लागतोच कशाला?

टस्कलूसावाल्यांचा मुद्दा मात्र मनात राहिला. अर्ज घटले तर आधी लहान डिपार्टमेंटं जातील, हे बरोबर. पण म्हणूनच म्हणतो, आपण अर्ज करणाऱ्यांनी तरी तो खेळ खेळू नये. आपल्याकडची कृषी विद्यापीठं कुठल्या साच्यावर उभी राहिली? १८६२ च्या लँड-ग्रँट कायद्याच्या, म्हणजे सरकारी जमिनीच्या जोरावर शेती आणि यंत्रविद्या शिकवणारी कॉलेजं काढायच्या. पंतनगर इलिनॉयच्या मदतीने, लुधियाना ओहायो स्टेटच्या. काका, तुमचीच ओहायो स्टेट! आमची राहुरीही त्याच कल्पनेतली, शिक्षण, संशोधन आणि शेतकऱ्याच्या बांधापर्यंत जाणं. तेव्हा कुणी त्यांना विचारलं नाही की तुमची टीम कितवी आली.

फॉल_अॅडमिट

मी पण याच पेचात आहे म्हणून विचारतो, भाच्याच्या जागी समजा. कंपन्यांना कॉन्फरन्स कळते का? रिक्रूटर येतात का? घरी बाबांनी रँकिंगची यादी चिकटवून ठेवलीय आणि सगळे ग्रुपवर बिग टेन बिग टेन करतात.

टस्कलूसावाला

मित्रा, अंडरग्रॅडला नावाचा फायदा होतो, माझा सगळा मुद्दा तिथलाच होता. एमएस-पीएचडीला गाईड, लॅब आणि फंडिंग बघ. ऑरेगन स्टेटमधूनच १९८४ ला एन्विडियाचे जेन्सन हुआंग इलेक्ट्रिकल शिकून बाहेर पडले, दोन नोबेल मिळवलेले रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग त्याच कॉलेजातून १९२२ ला. २०२२ मध्ये हुआंग दांपत्याने तिथे संशोधन इमारतीसाठी ५० मिलियन दिले. रिक्रूटर विचारतो तू काय बनवलंस. निफाडकर, इथे मी तुमच्या बाजूला. फंडेड सोडून अनफंडेड घेणं मला पटत नाही, कॉन्फरन्स कुठलीही असो.

निफाडकर

भाच्याशी काल दोन तास बोललो. त्याला म्हटलं तिथल्या लॅबमधल्या दोन जुन्या विद्यार्थ्यांना मेल कर, गाईड आठवड्याला किती वेळ देतो विचार, शेवटच्या पाच जणांना किती वर्षं लागली आणि कुठे लागले ते विचार. १५ एप्रिलपर्यंत वेळ आहे. अजून हो म्हणाला नाहीये. पण नाही कळवायची मेल त्याने ड्राफ्टमध्येच ठेवलीय.

कोलंबसकर काका

माझा नंबर मेसेजमध्ये पाठवतो, भाच्याला द्या. तो इकडे आला तर आमच्याकडे उतरेल, तिकडे गेला तर कोर्व्हालिसला आमच्या थोरलीची मैत्रीण आहे, पहिला आठवडा खोली मिळेपर्यंत तिच्याकडे सोय होईल. बिग टेनबद्दलचं माझं मत मात्र तेच आहे.