[मंडळ-यादी] ट्राउटच्या पत्राला लेटरहेड मिळेल का?

प्रेषक: नाना (गळ कट्टा)
जानेवारी 2024

नमस्कार. घाई आहे म्हणून थेट सगळ्यांना. तीन ट्राउटवालं पत्र (रोज तीनच धरू देण्याच्या प्रस्तावाविरुद्धचं) तयार आहे. सचिवांना रविवारी पाठवलं, उत्तर नाही. नियम ठरवणाऱ्या टेक्ससच्या वन्यजीव कमिशनची बैठक महिनाअखेर ऑस्टिनला, त्याआधी पोचलं नाही तर कागद वाया. 2019 ला रोजचे 10 ट्राउटचे 5 केले तेव्हा आपण निर्णय झाल्यावर जागे झालो होतो. एकच पान आहे. लेटरहेड आणि अध्यक्षांची सही, बास.

---

प्रेषक: सचिव

नाना, मेल मिळाली होती. संक्रांतीच्या हॉलच्या भानगडीत मागे पडली. पण लेटरहेड ठरावाशिवाय देता येत नाही. क्रिकेटच्या मैदानाच्या पत्रावरून झालेलं रामायण विसरलात का? शिवाय वाचून "आमचा विरोध आहे" एवढंच कळलं. कशाला विरोध?

---

प्रेषक: नाना

हॉल महत्त्वाचा, मान्य. आत्ता ट्राउट रोज 5, माप 15 ते 25 इंच. प्रस्ताव 3 चा, 15 ते 20 इंच. म्हणजे 20 च्या वरचा हाती लागला तरी जवळजवळ सगळा परत पाण्यात.

फेब्रुवारी 2021 च्या थंडीत किनारभर किमान 38 लाख मासे मेले हे खरं. पण ट्राउटला सगळ्यात मोठा तडाखा खाली दक्षिणेच्या लगुना माद्रे खाडीला बसला. दक्षिणेकडे 3 चा तात्पुरता नियम लावला, तो गेल्या ऑगस्टअखेर संपला. आपल्या गॅल्व्हेस्टन खाडीला तो लागूच नव्हता. मग दुखणं तिकडचं आणि पथ्य आपल्याला का? एवढंच विचारलंय.

---

प्रेषक: बापूकाका, क्लिअर लेक

नाना, तुझ्याच बोटीत बसून खाल्लंय म्हणून जपून लिहितो, पण पत्र चूक आहे. त्या थंडीच्याही आधीपासून आपल्या खाडीत मोठी मासळी कमी लागतेय, तूच म्हणतोस. वीस इंचांवरच्या बहुतेक माद्या असतात आणि जेवढी मोठी मादी तेवढी अंडी जास्त. गाभोळी आवडते म्हणून गाभणीच उचलत गेलो तर पुढच्या वर्षी काय, तिळगूळ लावणार गळाला?

आणि ही खात्याची माणसं मनाला येईल ते मांडत नाहीत. 1970 च्या दशकापासून दर वसंतात आणि शरदात प्रत्येक खाडीत गिलनेट (मासे अडकवायची जाळी) टाकून मोजतात. बोटी उतरवायच्या रँपवर वही घेऊन उभी असते ती मुलगी तुझा कूलर उगाच उघडायला लावत नाही.

जाता जाता, ट्राउट नुसतं नावाला. कूळ आपल्या घोळीचं, ढोम्याचं. आमच्या अलिबागला याचं कालवण झालं असतं, इथे कॉर्नमील लावून तळतात.

---

प्रेषक: वहिनी, केटी

कोणाच्या खाण्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण लेटरहेडवर गणपती आहे. त्याच्या खाली "पाच मासे मारू द्या"?

---

प्रेषक: नाना

वहिनी, गणपती काढून छापू.

---

प्रेषक: वहिनी, केटी

म्हणजे ते लेटरहेड राहणारच नाही ना.

---

प्रेषक: खजिनदार

गणपती राहू द्या बाजूला. आपण 501(सी)(3), म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्था आहोत. सरकारकडे लॉबिंग केलं आणि करसवलत गेली तर देणग्यांचं काय?

---

प्रेषक: ऑस्टिनकर (पूर्वी शुगरलँड)

खजिनदारसाहेब, मी वकील नाही, पण लॉबिंगची ती अट कायदे करण्यापुरती आहे. विधिमंडळात बिल येतं ते वेगळं. 1981 साली ट्राउट आणि रेडफिशची विक्री बंद झाली ती तशी, कायद्याने. हे प्रकरण नियमाचं. गव्हर्नरने सहा वर्षांसाठी नेमलेले नऊ जण, त्यांच्यासमोर खात्याचे लोक मसुदा ठेवतात, तो टेक्सस रजिस्टरमध्ये (राज्याच्या राजपत्रात) छापतात, हरकती मागवतात, मग मतदान. हरकत पाठवणं म्हणजे लॉबिंग नव्हे.

खरी गंमत पुढे आहे. नियम पक्का करताना आलेल्या हरकतींचा गोषवारा आणि त्या का पटल्या नाहीत, हे त्यांना छापावंच लागतं. म्हणून नाना, "विरोध आहे" लिहू नका. "गॅल्व्हेस्टनचे गिलनेटचे आकडे वेगळे दाखवा" असं लिहा. त्याला उत्तर द्यावं लागेल.

---

प्रेषक: देवगडचा

आमच्याकडे 1 जून ते 31 जुलै बंदी. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ द्यायचा आणि मग खरा हंगाम. माझ्या आजोबांना कोणी फॉर्म भरायला दिला नव्हता. इथे विचारतायत तर सांगा की.

अवांतर: परवा केरव्हिलकडे रस्त्याच्या कडेला चितळांचा कळप दिसला. त्यांना हंगाम कुठला?

---

प्रेषक: ऑस्टिनकर

हंगामच नाही. 1930 च्या दशकात आणलेले, परके प्राणी. कमिशन त्यांचा हंगामही ठरवत नाही आणि संख्याही. जमीनमालकाची परवानगी आणि शिकारीचं लायसन्स असलं की बाराही महिने चालतं. पांढऱ्या शेपटीच्या इथल्या हरणाला मात्र तारखा, टॅग, सगळं.

---

प्रेषक: वहिनी, केटी

म्हणजे ताडोब्यात ज्याच्याकडे दुर्बिणीने बघायचं, त्याचं इथे बर्गर. छान.

---

प्रेषक: बापूकाका

वहिनी, नीलगाईबद्दल विचारूच नका. तीही आहे, खाली किंग रँचकडे.

---

प्रेषक: माई, संक्रांत समिती

कृपया हरणं दुसऱ्या धाग्यात. गुळपोळ्या किती, हे अजून 14 घरांनी कळवलेलं नाही. नाना, तुमचंही नाही.

---

प्रेषक: सचिव

कार्यकारिणीला विचारलं. दोन हो, दोन नाही, अध्यक्ष पुण्यात. ठराव होत नाही. लेटरहेड नाही. ज्याने त्याने आपापल्या नावाने लिहावं.

---

प्रेषक: नाना

ठीक. ऑनलाइन पाठवलं, माझ्या नावाने. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत, इथे चार दिवस गेले. "आकडे वेगळे दाखवा" हे वाक्य घातलंय. माई, आमच्या सहा.

---

प्रेषक: बापूकाका

माझंही गेलं, तुझ्या विरुद्ध. शनिवारी हॉलवर येताना माझी बर्फाची पेटी आण, दिवाळीपासून तुझ्याकडे आहे. आणि तुझी ती मापाची पट्टी नीट बघ. तोंड बंद, शेपूट चिमटून मोजायचं असतं. गेल्या खेपेचा तुझा पंधरा इंची माझ्या पट्टीवर साडेचौदा भरला होता.